शाळा उघडायची की नाही: दक्षिण सोलापूरमधल्या एका गावाचा ठराव

पार्श्वभूमी

गाव दक्षिण सोलापूर तालुक्यातलं, विजापूर रस्त्यावरून थोडं आत. घरात कानडी, बाजारात मराठी. ऊस, तूर, कांदा ही पिकं. गावात जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा आणि एका संस्थेची अनुदानित माध्यमिक शाळा, आठवी ते दहावी. आजूबाजूच्या वस्त्यांवरची मुलंही याच माध्यमिक शाळेत येतात. बहुतेक शिक्षक सोलापुरात राहून अप-डाउन करणारे. हे प्रकरण या माध्यमिक शाळेचं आहे. कुणाची ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत आणि काही तपशील बदलले आहेत. मी त्या काळात तालुक्यातल्या शाळा व्यवस्थापन समित्यांच्या प्रशिक्षणाचं काम पाहत होतो, त्यामुळे या बैठकांना हजर होतो.

पहिल्या लाटेत, म्हणजे २०२० मध्ये, हे गाव बरंचसं सुटलं होतं. तेव्हा कोरोना म्हणजे सोलापूर शहर, असंच लोक धरून चालले होते. शहरातला मृत्युदर राज्याच्या सरासरीपेक्षा वर होता, जुलै २०२० मध्ये तिथे दहा दिवसांचा कडक लॉकडाऊन झाला आणि ‘शहरातून कोण आलं?’ हा गावातला पहिला प्रश्न झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये राज्यात नववी ते बारावीचे वर्ग सुरू करायला परवानगी मिळाली तेव्हा इथे थोडे दिवस शाळा भरली. फेब्रुवारी-मार्चमध्ये रुग्ण वाढले आणि ती पुन्हा बंद झाली.

दुसऱ्या लाटेने मात्र गाव गाठलं. एप्रिल-मे २०२१ मध्ये एका भावकीतली तीन माणसं गेली. ऑक्सिजनच्या बेडसाठी लोकांनी सोलापुरातले दवाखाने पालथे घातले. मेच्या अखेरीस राज्याने जास्त संसर्गाच्या अठरा जिल्ह्यांत घरगुती विलगीकरण बंद करायचं ठरवलं, त्यात सोलापूर होतं. मग गावाचा विलगीकरण कक्ष माध्यमिक शाळेतच उभा राहिला. जूनच्या शेवटी मी तिथे गेलो तेव्हा खाटा निघाल्या होत्या, पण नववीच्या वर्गातल्या फळ्यावर गावच्या आरोग्य कार्यकर्त्या असलेल्या आशा ताईंनी खडूने लिहिलेल्या ऑक्सिजनच्या नोंदी तशाच होत्या: ९६, ९४, ९१. वर कोपऱ्यात सुविचार आणि मार्च महिन्यातली तारीख. पुढे पालक शाळेला का घाबरत होते, हे समजायला तो एक फळा पुरेसा होता.

अडलं कुठे

जुलैच्या पहिल्या आठवड्यात शासन निर्णय आला. ज्या गावात महिनाभर एकही रुग्ण नाही, तिथे १५ जुलैपासून आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करता येतील. त्यासाठी ग्रामपंचायतीने पालकांशी बोलून ठराव करायचा. सरपंच अध्यक्ष, आणि समितीत तलाठी, ग्रामसेवक, वैद्यकीय अधिकारी, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. एका बाकावर एक विद्यार्थी, वर्गात जास्तीत जास्त पंधरा ते वीस, दोन सत्रं किंवा एक दिवसाआड. शिक्षकांनी शक्यतो गावातच राहावं, नाहीतर सार्वजनिक वाहनाने येऊ नये.

कागदावर हे ठीक दिसतं. प्रत्यक्षात ज्यावर मुंबईत सरकारला सल्ला देणाऱ्या डॉक्टरांच्या टास्क फोर्सचं एकमत होत नव्हतं तो प्रश्न आता मारुतीच्या देवळातल्या सभामंडपात सुटायचा होता.

पहिली बैठक शाळेवर सुरू झाली आणि दहा मिनिटांत वुहानला पोचली. गावात कृषी सेवा केंद्र चालवणारे एक पालक, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आले होते. ‘‘हा रोग प्रयोगशाळेतनं सुटलाय. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी शोधून काढलंय. जे मुद्दाम बनवलंय ते पोरांना काय करंल, हे कुणाला ठाऊक? मी पोरगी पाठवणार नाही.’’ त्यांच्या मागे बसलेले एक निवृत्त फौजी लगेच म्हणाले, ‘‘बनवलेलाच आहे ओ! म्हणूनच सांगतो, सगळा धंदा आहे. मास्कबिस्क काही नको, उद्या शाळा भरवा.’’

एकाच समजुतीवरून दोघं अगदी उलट टोकाला गेले, हे त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही. विषाणू आला कुठून, याचं उत्तर काहीही असलं तरी आठवीचा वर्ग भरवायचा की नाही हे त्यातून ठरत नाही, याचा पुरावाच समोर बसला होता.

मुख्याध्यापकांनी तो पकडला नाही. ते म्हणाले, ‘‘अण्णा, व्हॉट्सॲपवरचं काहीही इथे आणू नका.’’ अण्णांनी कात्रण घडी घालून खिशात ठेवलं आणि त्यानंतर ते तासभर गप्प बसले. बैठक संपली तेव्हा त्यांच्या गल्लीतल्या एकाही पालकाने संमतिपत्र दिलं नव्हतं.

इथे सांगितलं पाहिजे की अण्णांचं कात्रण खरं होतं, त्यांनी काढलेला निष्कर्ष तेवढा पुढचा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या पथकाने मार्च २०२१ च्या अखेरीस अहवाल दिला आणि प्रयोगशाळेतून गळती होणं ‘अत्यंत असंभाव्य’ ठरवलं. पण संघटनेचे प्रमुख टेड्रोस यांनीच त्याच वेळी सांगितलं की सगळ्या शक्यता अजून खुल्या आहेत. मे महिन्यात ‘सायन्स’ नियतकालिकात अठरा शास्त्रज्ञांनी पत्र लिहून दोन्ही शक्यता नीट तपासा, अशी मागणी केली. अमेरिकेच्या अध्यक्षांनी गुप्तचर यंत्रणांना नव्वद दिवसांत अहवाल द्यायला सांगितलं. पुण्यातल्या मोनाली रहाळकर आणि राहुल बहुलीकर या शास्त्रज्ञ दांपत्याने चीनमधल्या मोजियांगच्या खाणीकडे लक्ष वेधलं होतं. २०१२ मध्ये त्या खाणीत वटवाघळांची विष्ठा साफ करणारे सहा कामगार न्यूमोनियासारख्या आजाराने आजारी पडले आणि तिघं दगावले. कोरोनाच्या विषाणूशी जवळचं नातं असलेल्या एका विषाणूचा नमुना त्याच खाणीतला होता. या दोघांनी प्रश्न विचारले होते. ‘मुद्दाम बनवला’ हे सिद्ध झाल्याचा त्यांचा दावा नव्हता.

म्हणजे त्या जुलैत मूळ शोधण्याचा प्रश्न जगातच उघडा होता आणि मुख्याध्यापकांनी तो बंद असल्यासारखं उत्तर दिलं. जिथे शंका घेणं रास्त होतं तिथे ते तुटकपणे बोलले. त्यामुळे जिथे त्यांच्याकडे भक्कम उत्तर होतं, म्हणजे मुलांच्या धोक्याबद्दल, तिथेही त्यांचं कुणी ऐकलं नाही. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महाग पडलेला क्षण हाच.

दुसरी गाठ ‘रोग किती भारी’ याची. मुख्याध्यापक टक्केवारी सांगत होते, शंभरात एक-दोन. तीन माणसं गेलेल्या त्या भावकीतली एक आई उभी राहिली. ‘‘सर, आमच्या घरात पाचातली दोन गेली. तुमचं एक-दोन टक्का आम्हाला नका सांगू.’’ दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. एकाच्या हिशेबात चाचणी झालेले रुग्ण, दुसरीच्या हिशेबात आपलं घर. चाचणी न झालेल्यांचा आकडा आणि दाखल्यावर वेगळंच कारण लागलेल्या मृत्यूंचा आकडा या दोन्हींच्या बाहेर.

शिवाय तिसरी लाट मुलांवर येणार, अशी हवा झाली होती. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने तसा आधार नाही असं सांगूनही ती विरली नव्हती. राज्याने डॉ. सुहास प्रभू यांच्या अध्यक्षतेखाली बालरोग टास्क फोर्स नेमला होता. तयारीसाठी ते योग्यच होतं, पण गावात त्याचा अर्थ ‘बघा, सरकारलाही माहीत आहे’ असा लावला गेला. आणि एक टोमणा प्रत्येक बैठकीत आला: एप्रिलमध्ये पंढरपूर-मंगळवेढ्याची पोटनिवडणूक झाली, सभा झाल्या, गर्दी झाली, तेव्हा कुणाला रोग दिसला नाही आणि आता शाळेलाच नियम का? याला उत्तर नव्हतं, आणि कुणी द्यायचा प्रयत्न केला नाही हे बरंच झालं.

समोरचे पर्याय

सरपंच ताईंनी दुसऱ्या बैठकीआधी शहाणपणाचं एक काम केलं. फळ्यावर तीन रकाने पाडले: ‘आला कुठून’, ‘कुणाला धोका’, ‘शाळेचं काय’. पहिल्या रकान्याखाली त्यांनी लिहिलं, ‘शनिवारी रात्री, जेवणं झाल्यावर’. लोक हसले, अण्णासुद्धा. त्या शनिवारी खरंच पंधरा-वीस माणसं जमली आणि अण्णांनी कात्रण वाचून दाखवलं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी ‘अजून कळलेलं नाही’ असं सरळ सांगितलं. शाळेच्या बैठकीत वुहान पुन्हा आलं नाही.

पर्याय चार होते. थांबायचं, तिसरी लाट येऊन जाईपर्यंत. हा सगळ्यांत सोपा, कारण उद्या काही झालं तर बोट कुणाकडे जात नाही. पण त्याची किंमत समोर दिसत होती. अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी २०२१ मध्ये पाच राज्यांत केलेल्या पाहणीत दुसरी ते सहावीची ९२ टक्के मुलं भाषेतलं किमान एक कौशल्य विसरलेली आढळली होती. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण इथलं चित्र वेगळं मानायला काही कारण नव्हतं. ज्या घरात एकच फोन आणि तो वडिलांबरोबर कांदा घेऊन सोलापूरच्या मार्केट यार्डात, त्या घरात ऑनलाइन शाळा कसली? याच जिल्ह्यातल्या परितेवाडीत, जिथल्या शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्काराचे मानकरी झाले, क्यूआर कोडवर पुस्तकं उघडत होती. इथे कोड उघडायला फोनच नव्हता. बालविवाह रोखल्याच्या बातम्या जिल्ह्यातून सारख्या येत होत्या. या शाळेतल्या नववीच्या एका मुलीचं लग्न मेमध्ये कुणाला कळायच्या आत उरकलं होतं.

दुसरा पर्याय फौजींचा: सगळे वर्ग, रोज, पूर्ण वेळ. तिसरा, फक्त दहावी. चौथा केंद्रप्रमुखांनी सुचवला: शाळेत न बोलावता शिक्षकांनीच वस्त्यांवर जाऊन झाडाखाली गट घ्यायचे. तो ऐकायला चांगला, पण शिक्षक शहरातून येणार आणि वस्ती-वस्तीवर फिरणार, यावरच लोक बिथरले.

तेवढ्यात दोन गोष्टी घडल्या. १६ जुलैला दहावीचा निकाल लागला. परीक्षा रद्द होऊन अंतर्गत मूल्यमापनावर लागलेला हा निकाल ९९.९५ टक्के होता. ‘शाळेत न जाता पोरं पास होतात, मग घाई कसली?’ हा युक्तिवाद त्या दिवशी जन्माला आला. आणि २० जुलैला आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, चौथ्या सेरो सर्वेक्षणाचे (रक्ततपासणीच्या पाहणीचे) आकडे आले. देशात ६७.६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं होती, म्हणजे त्यांना संसर्ग होऊन गेला होता किंवा लस मिळाली होती. सहा ते नऊ वयोगटात ५७.२ टक्के, दहा ते सतरा वयोगटात ६१.६ टक्के. शाळा बंद असूनही मुलांना संसर्ग मोठ्यांच्या खालोखाल झालेला होता आणि गंभीर आजार मात्र फारच थोड्यांना. आयसीएमआरचे महासंचालक बलराम भार्गव म्हणाले की शाळा उघडायच्या तर प्राथमिकपासून सुरुवात करणं शहाणपणाचं. राज्य वरच्या वर्गापासून खाली येत होतं, देशातली सर्वोच्च वैद्यकीय संस्था खालून वर जा म्हणत होती. पालकांनी कुणाचं ऐकायचं?

निर्णय

तिसऱ्या बैठकीत डॉक्टरांनी प्रश्नच बदलला. ‘‘पोराला काय होईल ते सोडा. पोरगं घरी जाऊन कुणाशेजारी झोपतं ते सांगा.’’ मग आशा ताईंची वही बाहेर आली. कोणत्या घरात साठीपुढचं माणूस आहे, कुणाला साखर, कुणाला दमा, कुणाची लस झाली, कुणाची नाही. तेव्हा लशीचा तुटवडा होता, उपकेंद्रावर डोस आले की रांग लागायची. समितीने ठरवलं: ज्या विद्यार्थ्याच्या घरात लस न झालेलं म्हातारं किंवा आजारी माणूस आहे, त्या घराला पुढच्या डोसात आधी नंबर. तोवर त्या मुलाने घरी राहिलं तरी गैरहजेरी लागणार नाही, अभ्यास वहीतून पोचवायचा. चर्चा ‘शाळा हवी की नको’ यावरून ‘कुणाच्या आजीची लस राहिली’ यावर आली आणि आवाज खाली आले.

ठराव झाला तो असा: ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून दहावी, एक दिवसाआड दोन गटांत, सकाळी तीन तास. दोन आठवड्यांनी नववी, नंतर आठवी. शिक्षकांनी दुचाकीवर यायचं, एस.टी.ने किंवा वडापने नाही. एका मुलाला लागण झाली तर त्याचा गट बंद, शाळा नाही. दोन वेगवेगळ्या गटांत निघाली तर शाळा बंद आणि समितीची बैठक. हे सगळं ठरावाच्या वहीत लिहून सह्या झाल्या, अण्णांचीही.

तयारीवर मात्र पैसा चुकीच्या जागी गेला. ग्रामपंचायतीने हायपोक्लोराइटची फवारणी दोनदा करून घेतली, सॅनिटायझरचे कॅन आणि ताप मोजायची बंदूक घेतली. विषाणू हवेतूनही पसरतो हे जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिलच्या अखेरीस स्पष्ट केलं होतं, पण दहावीच्या वर्गातल्या दोन खिडक्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कपाटामागे होत्या आणि तिसरीची कडी गंजून बसली होती. ते कपाट हलवायला फुकटात दोन माणसं लागली असती. ते हललं सप्टेंबरमध्ये.

मध्येच बसलेला धक्का

दहावी सुरू होऊन आठवडा झाला आणि १० ऑगस्टला नवा शासन निर्णय आला: १७ ऑगस्टपासून ग्रामीण भागात पाचवी ते सातवी, शहरात आठवी ते बारावी. टास्क फोर्सने हरकत घेतली आणि एक-दोन दिवसांत निर्णय थांबवला गेला. टीव्हीवर पट्टी फिरली: शाळा उघडण्याला स्थगिती. त्यातच जिल्ह्यातल्या पंढरपूर, माळशिरस, माढा, करमाळा आणि सांगोला या पाच तालुक्यांत कडक निर्बंध लागू झाले.

मुख्याध्यापकांचा फोन रात्री अकरापर्यंत वाजत होता. स्थगिती ज्या निर्णयाला होती त्यात ग्रामीण भागातली आठवी ते बारावी नव्हतीच. ती जुलैच्या परवानगीने चालू होती. पण हा फरक पट्टीवर कुठून दिसणार? इथे दुसरा निर्णयाचा क्षण आला. दोन दिवस शाळा बंद ठेवून लेखी खुलासा मागवावा, असं संस्थेचं मत. मुख्याध्यापक म्हणाले, एकदा बंद केली की पुन्हा ठरावापासून सुरुवात. त्यांनी केंद्रप्रमुखांकडून फोनवर खात्री केली आणि सरपंच ताईंनी सकाळी देवळाच्या भोंग्यावरून कानडीत आणि मराठीत जाहीर केलं की आपली दहावी चालू आहे. त्या दिवशी निम्मी मुलं आली, चार दिवसांनी बाकीची.

ऑगस्टच्या शेवटी दहावीतल्या एका मुलाला लागण झाली. वडील कांद्याच्या गाडीवर, त्यांच्याकडून घरात आलेली. एका पालकाने शाळेच्या फाटकाला कुलूप लावायची भाषा केली. मुख्याध्यापकांनी ठरावाची वही उघडून दाखवली, त्यावर त्याच पालकाची सही होती. गट बंद झाला, आरोग्य केंद्राने त्या गटाची अँटिजेन चाचणी केली, सगळे निगेटिव्ह. दोन आठवड्यांनी गट पुन्हा बसला.

निष्पत्ती

४ ऑक्टोबरला राज्यभर ग्रामीण पाचवी ते बारावी सुरू झाली तोवर या शाळेतली दहावी दोन महिने आणि नववी महिनाभर शिकलेली होती. वर्गातून साथ पसरल्याचं एकही प्रकरण सापडलं नाही. पण याचं श्रेय नियमांना द्यावं की बहुतेकांना आधीच होऊन गेलेल्या संसर्गाला, हे या एका शाळेवरून सांगता येणार नाही. काही मुलं परतलीच नाहीत: लग्न झालेली ती मुलगी, आणि चिंचोळीच्या एमआयडीसीत कामाला लागलेले दोघे मुलगे. त्यांच्या घरी शिक्षक गेले ते ऑक्टोबरमध्ये. तेव्हा महिन्याचा पगार घरात यायची सवय झाली होती.

जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनमुळे राज्याने १० तारखेपासून शाळा बंद केल्या. या वेळी ग्रामस्थांनीच तहसीलला निवेदन दिलं की आमची शाळा चालू राहू द्या. सही करणाऱ्यांत अण्णा पहिले. २४ जानेवारीला परवानगी मिळाली आणि मार्चमध्ये दहावीची परीक्षा प्रत्यक्ष केंद्रावर झाली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या बैठकीत अण्णांना ‘तुमचा प्रश्न खरा आहे, पण आज त्यावर शाळा अडत नाही’ एवढंच म्हटलं असतं तर किमान दोन आठवडे वाचले असते. तो प्रश्न आजही मिटलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने जून २०२५ मध्येही हेच सांगितलं की उपलब्ध पुरावा प्राण्यांतून माणसात आल्याच्या बाजूला झुकतो, पण चीनकडून माहिती न मिळाल्यामुळे प्रयोगशाळेची शक्यता निकालात काढता येत नाही. शाळा त्या उत्तरासाठी थांबली असती तर २०२१ ची दहावीची मुलं दहावी न होताच आज कॉलेजच्या वयाची झाली असती.

धोक्याची चर्चा टक्केवारीने सुरू करायला नको होती. आशा ताईंची वही पहिल्याच दिवशी टेबलावर हवी होती. ती होती, फक्त ती आणायला कुणी सांगितलं नाही. आणि आशा ताई समितीच्या सदस्यही नव्हत्या. शासन निर्णयाच्या यादीत नसलं तरी त्यांना निमंत्रित म्हणून बसवायला कुणाची हरकत नव्हती.

क्रमाबद्दल माझं मत समितीपेक्षा वेगळं आहे. दहावी आधी घेतली ती बोर्डाच्या धाकाने. आठवी सगळ्यांत शेवटी आली, म्हणजे जी मुलं सहावीच्या मार्चनंतर नियमित शाळेत बसलीच नव्हती, त्यांनाच सगळ्यांत जास्त थांबावं लागलं. त्यातल्या अनेकांना भागाकार नव्याने शिकवावा लागला, आणि मराठी वाचताना अडखळणारी कानडी घरांतली मुलं तर आणखी मागे. दोन दिवस दहावीचे आणि एक दिवस आठवीचा, एवढी वाटणी जागेत आणि माणसांत बसत होती. समितीपुढे ती कुणी मांडलीच नाही, मीही प्रशिक्षक म्हणून बसलो होतो, सदस्य म्हणून नाही, एवढ्यावर थांबलो.

‘एका गटात लागण झाली तर काय’ हा नियम मात्र जसाच्या तसा उचलावा. तो घबराट नसताना लिहिला गेला, त्यावर विरोधकांच्या सह्या होत्या, आणि कोण कधी बैठक बोलावणार हे त्यात स्पष्ट होतं. फक्त ती वही पुढच्या वर्षी ग्रामसेवकांच्या बदलीत दप्तराबरोबर कुठे गेली ते सापडत नाही. नियमाची एक प्रत शाळेच्या कपाटात ठेवायला हवी होती, खिडकी अडवणार नाही अशा जागी.